सेगेदच्या ताईला खुलं पत्र

ताई,

नाव लिहू नकोस म्हणाली होतीस म्हणून नुसतं ताई. फोनवर थँक्यू म्हटलं की तू "गप रे" म्हणतेस आणि विषय बदलतेस, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितोय, बघू कसा बदलतेस ते.

निघताना मला हंगेरीबद्दल माहीत काय होतं, तर स्टायपेंडियम हंगारिकुम नावाची सरकारी स्कॉलरशिप आहे, फी भरावी लागत नाही आणि बुडापेस्ट भारी आहे. आणि नंबर लागला सेगेदला. बुडापेस्टहून ट्रेनने अडीच-एक तास दक्षिणेला, जवळजवळ सर्बियाच्या बॉर्डरवर, खिडकीतून बघावं तर सपाट शेतं आणि वाळून काळी पडलेली सूर्यफुलं, मी म्हटलं आलो कुठे. तू स्टेशनवर घ्यायला आलीस, ट्रामचं तिकीट काढून दिलंस, रेसिडन्स परमिटच्या फॉर्मवर रात्री बसलीस, त्याचे आभार आहेतच गं, पण मला लिहायचंय ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल.

हॉस्टेलवर आपल्या पोरांचा ग्रुप तयारच होता. एकत्र डाळभात, एकत्र मॅच, वर्ष आरामात निघालं असतं. तू म्हणालीस, हे कधीपण मिळेल, आधी बाजारात चल. बस स्टँडला लागून असलेल्या त्या मोठ्या बाजारात नेलंस, "फेल किलोत केरेक" म्हणजे अर्धा किलो द्या एवढं एक वाक्य पाठ करून घेतलंस आणि स्वतः लांब जाऊन टोमॅटो बघत उभी राहिलीस. समोरच्या आजींनी मला उलट काहीतरी विचारलं, मी तुझ्याकडे बघतोय, तू टोमॅटोकडे. शेवटी बोटं, मान, दात सगळं वापरून पिवळ्या मिरच्या घेतल्या एकदाच्या. तेव्हा तुझा लई राग आला होता. पण पुढच्या शनिवारी त्याच आजींनी लांबूनच हात केला ना.

मग तुझ्या घरमालकीणबाई. तिकडे वयस्कर बायकांना नेनी म्हणतात, म्हणून माझ्याही त्या नेनीच झाल्या. त्यांच्याकडे पहिल्यांदा जेवायला बोलावलं तेव्हा मी बाजारातून शेवंती घेऊन निघालो होतो, ऑक्टोबर होता, सगळीकडे शेवंतीच शेवंती, दसऱ्याची आठवण आलेली. तू दारातच अडवलंस. शेवंती इथे कबरीवर वाहतात, कुणाच्या घरी नेत नाहीत, आणि फुलं द्यायची ती विषम आकड्यात. पळत जाऊन दुसरी आणलीस. आपल्याकडे जे तोरणात आणि गजऱ्यात तेच तिकडे स्मशानात, डोकं गरगरलं माझं. नंतर 1 नोव्हेंबरला नेनींसोबत कबरस्तानात नेलंस तेव्हा कळलं, अख्खं गाव मेणबत्त्या आणि शेवंतीच्या कुंड्या घेऊन आलेलं, पोरंबाळं, म्हातारे, गप्पा चाललेल्या, पार्किंगला जागा नाही. आपल्या सर्वपित्रीसारखंच वाटलं मला, फक्त कावळ्याची वाट बघायची नाही.

आणि तो लेचो, म्हणजे मिरच्या-टोमॅटोची त्यांची भाजी! कांदा मंद आचेवर नुसता मऊ होऊ द्यायचा, मग पातेलं गॅसवरून खाली घ्यायचं आणि मग पाप्रिका, म्हणजे त्यांची लाल मिरचीपूड, घालायची, चटकन ढवळून लगेच मिरच्या-टोमॅटो, की त्याच्या पाण्यात ती शांत होते. गॅसवर घातली तर त्यातली साखर जळते आणि सगळं कडू. मी सांगलीचा माणूस, तडतडत्या तेलात तिखट टाकणारा, मी चमचा घेऊन पुढे सरकलो तशा नेनींनी माझं मनगटच धरलं. वर ऐकवलं की ह्याच गावात सेंट-ग्योर्गी नावाच्या शास्त्रज्ञांनी ह्याच पाप्रिकाच्या मिरच्यांतून ढिगाने व्हिटॅमिन सी काढलं आणि 1937 चं नोबेल आणलं, म्हणजे तू नीट शिक. तू भाषांतर करताना हसत होतीस. (तिखट मात्र काहीच नव्हतं, मी खोलीवर जाऊन ठेचा खाल्ला, हे नेनींना सांगू नको.)

पण सगळ्यात जास्त लक्षात राहिला तो तिसा नदीच्या काठावरचा रविवार. 12 मार्च 1879 च्या रात्री ह्या नदीने गाव धुऊन नेलं, हजारो घरांतली काही शेच उरली, हे तू सांगत होतीस आणि मला 2019 चा आमचा कृष्णेचा पूर दिसत होता, गल्लीत बोट, माळ्यावर गॅस सिलिंडर. मग तू बाहेरच्या रिंगरोडवर चालवत नेलंस आणि पाट्या वाचायला लावल्यास. व्हिएन्ना, पॅरिस, लंडन, रोम, बर्लिन, ब्रसेल्स, मॉस्को. ज्यांनी ज्यांनी पुरानंतर मदत केली त्यांच्या राजधान्यांची नावं ह्या गावाने रस्त्याच्या एकेका तुकड्याला देऊन टाकली. आपल्याकडे पूर ओसरला की फ्लेक्स लागतात, ते पण मदत करणाऱ्याच्याच खर्चाने. माझ्याकडे रस्ता नाही, म्हणून हे पत्र.

23 ऑक्टोबरला सुट्टी म्हणून मी झोपणार होतो, ते पण नाही होऊ दिलंस. मधोमध भोक पाडलेले झेंडे कशाला लावलेत विचारलं तर म्हणालीस, 1956 मध्ये ह्याच दिवशी कम्युनिस्ट सरकारविरुद्ध उठाव सुरू झाला, तेव्हा लोकांनी मधलं कम्युनिस्ट चिन्ह कापून काढलं होतं, आणि त्याच्या आठवडाभर आधी, 16 ऑक्टोबरला, सरकारी युवक संघटनेला बाजूला सारून पोरांनी स्वतःची संघटना काढली ती आपल्याच युनिव्हर्सिटीत. ज्या आवारात मी रोज वायफाय शोधत फिरायचो तिथली ही गोष्ट, आणि मला कुणी सांगितलीच नसती.

स्टायपेंड यायला उशीर झाला तेव्हा तू न मागता पैसे दिलेस, आणि रिकाम्या बाटल्या मशीनमध्ये टाकल्या की बाटलीमागे 50 फोरिंट सुटतात हे पण शिकवलंस, दोन्ही कामाला आलं, दुसरं जरा जास्तच. अजून हॉस्टेलभर माझी बाटलीवाला म्हणून ख्याती आहे.

आता तू पोस्टडॉकला गेलीस तर नेनी दर वेळी विचारतात, फोन का करत नाही म्हणून. 25 नोव्हेंबरला त्यांचा नेम-डे आहे, म्हणजे कॅलेंडरमध्ये त्यांच्या नावाचा ठरलेला दिवस, तिकडे तो वाढदिवसाइतकाच मोठा, तेव्हा नक्की कर आणि हंगेरियनमध्येच बोल, माझ्यापेक्षा वाईट झालंय का ते कळू दे. तुझा कुकर माझ्याकडेच आहे, शिट्टी बदललीये. आणि तुझे राहिलेले पैसे काल टाकलेत, अकाउंट चेक कर.

तुझा,
सांगलीकर