पोस्ट काढली, पण कोणत्या नियमाखाली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

समाजमाध्यमावरची एखादी वादग्रस्त पोस्ट कंपनीने काढली की दोन ठरलेले सूर लागतात. एक, अभिव्यक्तिस्वातंत्र्याची गळचेपी झाली. दुसरा, कंपनी खासगी आहे, तिच्या जागेत तिचे नियम. पोस्ट काढायला हवी होती की नको, यावर एकमत होणे नाही. मात्र कारण दिले का, एखाद्या माणसाने ती पाहिली का आणि दाद कुठे मागायची, एवढ्यावर आग्रह नक्की धरता येतो. चर्चा तिथवर क्वचितच पोहोचते.

'खासगी कंपनी' हा युक्तिवाद मूळचा अमेरिकेतला. तिथली अभिव्यक्तिस्वातंत्र्याची हमी देणारी पहिली घटनादुरुस्ती सरकारला बांधते, कंपनीला नाही. १९९१ मध्ये कॉम्प्युसर्व्ह ही ऑनलाइन सेवा देणारी कंपनी मजकूर तपासत नव्हती म्हणून बदनामीच्या दाव्यातून सुटली, तर १९९५ मध्ये तशीच दुसरी कंपनी, प्रॉडिजी, मजकूर गाळते म्हणून न्यायालयाने तिला प्रकाशक ठरवले. साफसफाई करणाराच अडकला! हा उफराटा न्याय मोडण्यासाठी १९९६ मध्ये तिथल्या कायद्यात कलम २३० आले: दुसऱ्याच्या मजकुराची जबाबदारी कंपनीवर नाही आणि आक्षेपार्ह वाटणारा मजकूर सद्‌हेतूने काढला तरी ती अडचणीत येत नाही. आपल्याकडे चित्र जरा वेगळे आहे. जानेवारी २०२३ मध्ये कौशल किशोर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने बहुमताने सांगितले की, घटनेच्या अनुच्छेद १९ (अभिव्यक्तिस्वातंत्र्य वगैरे) आणि २१ (जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य) मधले हक्क सरकारखेरीज इतरांविरुद्धही बजावता येतात. समाजमाध्यमांना ते कुठवर लागू करायचे, हे न्यायालयांना प्रकरणागणिक ठरवावे लागेल. पण 'खासगी आहे, विषय संपला' असे भारतात तरी म्हणता येत नाही.

आता प्रत्यक्षात पोस्ट काढतो कोण? बहुतेक वेळा यंत्र, आणि तेही दोन प्रकारचे. पहिले, आधीच बंदी घातलेल्या व्हिडिओचा अंकी ठसा, म्हणजे हॅश, नव्या फाइलशी ताडून पाहते. मार्च २०१९ मध्ये न्यूझीलंडमधील ख्राइस्टचर्चच्या मशिदींवर हल्ला झाला आणि हल्लेखोराने तो फेसबुकवर थेट दाखवला. त्यानंतर फेसबुकने पहिल्या २४ तासांत त्या व्हिडिओच्या १५ लाख प्रती काढल्या. त्यांपैकी १२ लाखांहून अधिक चढवतानाच अडल्या. ज्या निसटल्या त्यांत पडद्यावरून पुन्हा चित्रित केलेल्या, कापलेल्या प्रती होत्या. त्यांचा ठसा बदलतो.

खरी गोची दुसऱ्या यंत्राची. मजकूर नियमबाह्य आहे का, याचा ते अंदाज बांधते. समजा, १० लाख पोस्टपैकी १ हजार खरोखर नियमबाह्य आहेत आणि यंत्र दोन्ही बाजूंनी ९९ टक्के अचूक आहे. ते हजारातल्या ९९० पकडेल, हे झकास. पण उरलेल्या ९ लाख ९९ हजार निर्दोष पोस्टपैकी १ टक्का, म्हणजे ९,९९० सुद्धा उचलेल. काढलेल्या दर ११ पोस्टमागे १० निर्दोष! निकष कडक केले की आणखी निर्दोष भरडले जातात, सैल केले की दोषी निसटतात. त्यात उपरोध, शिवीगाळीची तक्रार करताना उद्‌धृत केलेली शिवी, रोमन लिपीतली मराठी, यांपुढे यंत्र हमखास गडबडते. २०२० मध्ये साथीमुळे तपासनीस घरी गेले आणि यूट्यूबने यंत्रावर भिस्त ठेवली. एप्रिल ते जून या तिमाहीत १ कोटी १४ लाख व्हिडिओ उडाले आणि अपिलांनंतर १ लाख ६० हजारांहून अधिक परत आणावे लागले. ज्यांनी अपीलच केले नाही, त्यांचा हिशेब यात नाही.

ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते ऑक्टोबर २०१९ मध्ये एका छायाचित्रावरून बंद झाले होते. छायाचित्र १९३६ चे, हॅम्बुर्गच्या गोदीतले: सगळा जमाव नाझी सलाम करतोय आणि एकटा माणूस हाताची घडी घालून उभा आहे. नाझींना नकार देणारे चित्रच द्वेषाचे चित्र ठरले. हेगडे न्यायालयात जाऊ शकले. प्रत्येकाला ते परवडत नाही.

तरीही हातात काही आहे. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांतला नियम ४(८) सांगतो की, ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या कंपनीने आपणहून मजकूर काढताना वापरकर्त्याला आधी कारणासह कळवावे आणि बाजू मांडायची वाजवी संधी द्यावी. सूचना आली की तारखेसह स्क्रीनशॉट, पोस्टची लिंक आणि मूळ फाइल बाजूला काढून ठेवावी. खाते बंद झाल्यावर यातले काही हाती लागत नाही. रागाच्या भरात तीच पोस्ट पुन्हा टाकू नये. ती यंत्र लगेच उडवते आणि वर दुसरे उल्लंघन म्हणून नोंद होऊ शकते. अपिलात घटनेवर भाषण नको, तपासनीसाला तेवढा वेळ नसतो. कोणता नियम लावला, तो इथे का बसत नाही आणि संदर्भ काय (बातमी, टीका, विडंबन, इतिहास), एवढे तीन-चार वाक्यांत लिहावे. तिथे नकार मिळाला तर कंपनीचा तक्रार निवारण अधिकारी. त्याचे नाव संकेतस्थळावर देणे बंधनकारक आहे. त्याच्या उत्तरानेही समाधान झाले नाही, तर ३० दिवसांच्या आत तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येते.

या समित्या केंद्र सरकार नेमते, ही त्यांची लंगडी बाजू. कंपनीच्या नियमाने पोस्ट गेली असेल तर त्या कामाच्या. पण माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या, मजकूर रोखण्याचा अधिकार देणाऱ्या कलम ६९-अ खालच्या सरकारी आदेशाने गेली असेल तर मार्ग वेगळा, कारण त्यासाठीच्या २००९ च्या नियमांतला गोपनीयतेचा नियम १६ पुढे करून आदेशाची प्रतच अनेकदा दिली जात नाही, आणि मग घटनेच्या अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका घेऊन उच्च न्यायालयात जाण्याशिवाय पर्याय उरत नाही. म्हणून अपिलाच्या पहिल्याच ओळीत विचारावे: पोस्ट तुमच्या नियमाने काढली की सरकारच्या आदेशाने?

आपला,
एक वाचक