खोजा दाखवायचा तर नीट दाखवा

मा. संपादक,

गोरेगावच्या चित्रनगरीत ऐतिहासिक मालिकेचा जनानखाना उभा राहिला की दारात एक खोजा हमखास असतो: डोळ्यांत सुरमा, किनरा आवाज आणि दर दोन वाक्यांमागे एक टाळी. ती टाळी तृतीयपंथी समाजाची, त्यांच्या गुरू-चेला परंपरेतली. दरबारी खोजा म्हणजे खच्ची केलेला गुलाम. त्याला ना मुलेबाळे, ना गोत. मेला की मालमत्ता धन्याकडे. बादशहाचा भरवसा असे तो यामुळे, आणि तो राण्यांच्या पहाऱ्यापुरता नव्हता. अकबराच्या खालशाचा, म्हणजे थेट बादशाही मालकीच्या जमिनींचा, महसूल इतिमाद खान या खोजाने मार्गी लावला. १२९९ मध्ये गुजरातेतल्या खंबायतेच्या लुटीत सापडलेला खोजा मलिक काफूर पुढे अल्लाउद्दीन खिलजीची फौज घेऊन देवगिरी, वारंगळ, द्वारसमुद्र करत थेट मदुराईपर्यंत गेला. हा माणूस टाळ्या पिटत फिरतो आहे, अशी कल्पना तरी करवते का?

बंगालच्या सिल्हेटकडे महसुलापोटी लोक पोटची पोरे खच्ची करून देत. जहांगीरने १६०८ मध्ये बंदीचे फर्मान काढले. त्याच्या महालात मात्र खोजे होतेच.

आवाजाबद्दल थोडे. वयात येण्याआधी खच्ची केलेल्या मुलाचा आवाज फुटत नाही, दाढी येत नाही, आणि हाडांची टोके उशिरा सांधत असल्याने हातपाय लांबच लांब वाढतात. म्हणून नट उंच हवा. मोठेपणी खच्ची केलेल्याचा आवाज मात्र जाडच राहतो. त्याला किनरा करणे ही शुद्ध चूक.

हबशी दिसला किंवा नावाआधी 'मलिक' आले की खोजा ठरवू नये. मलिक अंबरला फत्तेखान नावाचा मुलगा होता. डोंगरीच्या खोजा या मुसलमान जमातीचाही याच्याशी संबंध नाही. 'ख्वाजा', म्हणजे धनी, हा मूळ शब्द तेवढा एक.

संस्कृत नाटकांच्या मराठी प्रयोगांत कंचुकीला खोजा करून टाकतात. कंचुकी हा अंतःपुरातला म्हातारा ब्राह्मण अधिकारी. खोजाला तिथे शब्द आहे 'वर्षवर'. हर्षाच्या 'रत्नावली'त माकड सुटते तेव्हा दोघे एकाच श्लोकात येतात: वर्षवर लाज सोडून पळतात, कारण पुरुषांत त्यांची गणतीच नाही, आणि बुटका घाबरून कंचुकीच्या अंगरख्यात शिरतो. तेव्हा कंचुकीचा अंगरखा बेतताना कापड जरा सढळ घ्यावे.

- इतिहासाचे दोन अभ्यासक, दादर, मुंबई