विषय: कॅमेऱ्याचा कूलर बंद ठेवण्याच्या आपल्या अमूल्य सल्ल्याबाबत

व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,

आत्ताच तुमच्या तंत्रज्ञांचा फोन ठेवला. राग निवायच्या आत लिहितो आहे.

आकाशाचे फोटो काढायचा तुमचा मोनो (कृष्णधवल) कॅमेरा त्यातल्या कूलरने उणे १० अंशांवर नेला की सेन्सरच्या मधोमध काळपट डाग उमटतो आणि रात्रभर पसरत जातो. चेंबरचे सील गेले आहे, आत दमट हवा शिरून बर्फ धरतो. डेसिकंटच्या, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या गोळ्या वाळवून झाल्या, नव्या घालून झाल्या. डाग दर फ्रेमला आकार बदलतो, त्यामुळे फ्लॅटने, म्हणजे एकसारख्या उजेडात घेतलेल्या दुरुस्तीच्या फ्रेमने, जात नाही. हे मी तुम्हाला सांगायला नको.

अंगणातल्या वेधशाळेतून मी सिमाइस १४७ टिपतो आहे. वृषभ आणि सारथी या तारकासमूहांच्या सीमेवरचा हा सुपरनोव्हाचा, म्हणजे स्फोट होऊन संपलेल्या ताऱ्याचा, अवशेष जवळपास ३ अंश पसरलेला, पण इतका फिका की ६५६.३ नॅनोमीटरच्या हायड्रोजन-अल्फा फिल्टरमधून तासन्‌तास प्रकाश गोळा करावा तेव्हा कुठे त्याचे तंतू दिसू लागतात. माझ्याकडे मात्र डागांचाच संग्रह जमला आहे.

आता तो संवाद. "सर, टेलिस्कोपची काच पुसली का?" पुसली. कूलर चालू केला की डाग येतो, बंद केला की जातो. मग बराच वेळ शांतता. मागे कुणाला तरी विचारल्याची कुजबुज. आणि उत्तर: "मग सर, कूलर बंदच ठेवा ना." थट्टा करताय का, असे विचारले. "नाही सर, बंद ठेवल्यावर प्रॉब्लेम येत नाही, असं तुम्हीच म्हणालात." फोन ठेवताच संदेश आला: तक्रारीचे निराकरण झाले आहे. धन्य!

कूलर बंदच ठेवायचा तर तो विकलात कशाला? सेन्सर सहा-सात अंशांनी तापला की डार्क करंट, म्हणजे प्रकाश नसतानाही उष्णतेने उमटणारा खोटा सिग्नल, दुप्पट होतो, आणि त्या खरखरीत हे तंतू पार बुडतात. तुमचे संशोधक हे जाणतात. फोन उचलणाऱ्यांशी त्यांची ओळख करून द्या. आणि कृपा करून पुन्हा गोळ्या बदलायला सांगू नका. गोळ्या बदलल्या आहेत.

तुमचे नाव मी आजवर चार जणांना खात्रीने सुचवले, त्याची आता लाज वाटते. येत्या अमावास्येच्या आत कॅमेरा बदलून द्या. मार्चनंतर सारथी पश्चिमेला कलतो, म्हणजे माझे वर्ष गेले. उत्तर आले नाही तर पुढचे पत्र वकिलाकडून येईल. कच्च्या फ्रेमा सोबत जोडल्या आहेत. स्ट्रेच करून, म्हणजे अंधारे भाग उजळून बघा, नाहीतर "फोटो काळा आला आहे" असे कळवाल.

अजून तरी तुमचाच,
एक ग्राहक