गोदाकाठाचं काम घाटाच्या पायरीपासून सुरू व्हावं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पैठणच्या गोदाकाठाच्या सुशोभीकरणाचा विषय निघाला की रंगीत दिवे, कारंजी, सेल्फी पॉइंट आणि पेव्हर ब्लॉकचा रस्ता एवढंच बोललं जातं. काठ सुधारायला हवा, याबद्दल गावात दुमत नाही. पण रोज माणसं ज्या पायऱ्या उतरतात त्या पायऱ्या आणि ज्या पाण्यात डुबकी मारतात ते पाणी आधी नीट करावं, बाकीचं मागाहून, एवढं सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

घाटावर सकाळी येऊन पाहावं. गावकरी स्नान उरकून निघतात न निघतात तोच दशक्रियेसाठी बाहेरगावची मंडळी जीपमधून उतरू लागतात. मुंडन, पिंडदान, कावळ्याची वाट पाहणं, सगळं उघड्यावर, उन्हात. ओल्या अंगाने वर आलेल्या बायाबापड्यांना कपडे बदलायला आडोसा नसतो. दोघीजणी लुगडं धरून उभ्या राहतात आणि तिसरी त्यामागे साडी बदलते. घरात नुकतंच माणूस गेलेलं असताना ही वेळ त्यांच्यावर यावी, याचं फार वाईट वाटतं. पिंड, केस, राख, मृताचे कपडे त्याच पाण्यात जातात आणि चार पावलांवर दुसरं कुणी तेच पाणी तीर्थ म्हणून तोंडात घेत असतं. ही माणसं पर्यटकांच्या आकडेवारीत धरली जातात की नाही कोण जाणे, पण पैठणला वर्षभर येणारा पाहुणा तो हाच. त्याच्यासाठी छत असलेला वेगळा दशक्रिया घाट, बायकांसाठी बंद खोल्या, पाणी असलेली स्वच्छतागृहं आणि म्हाताऱ्यांना धरून उतरता येईल असा कठडा, एवढं झालं तरी निम्मा काठ सुधारला म्हणायचा.

दुसरी गोष्ट पाण्याची. गावाच्या डोक्यावर १९७६ साली पूर्ण झालेलं जायकवाडी धरण आहे, २७ दरवाजांचं, शंभराहून अधिक टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी साठवणारं. दरवाजे बंद असले की घाटाशी उरतं ते बहुतेक साचलेलं पाणी, आणि त्यात गावाचं सांडपाणी मिसळतं. नाथषष्ठीला, म्हणजे संत एकनाथांच्या पुण्यतिथीच्या यात्रेला, स्नानासाठी पाणी सोडावं, अशी मागणी करावी लागते. अहमदाबादच्या साबरमतीच्या सुशोभित काठाचं उदाहरण आपल्याकडे सतत दिलं जातं. तिथलं पाणी वासणा बंधाऱ्याने अडवलेलं आणि नर्मदेच्या कालव्यातून आणलेलं आहे, शिवाय दोन्ही काठांनी सांडपाण्याच्या वाहिन्या टाकलेल्या आहेत. आपल्या आराखड्यात नाले कुठे अडवणार, पाणी कुठे शुद्ध करणार आणि उन्हाळ्यात नदीसाठी किती विसर्ग सोडणार, ही तीन उत्तरं नसतील तर दिव्यांचा उजेड नाल्यावरच पडणार.

पुराचंही तसंच. ऑगस्ट २००६ मध्ये धरणातून सुमारे अडीच लाख क्युसेक (सेकंदाला घनफूट) पाणी सुटलं तेव्हा अर्धं पैठण पाण्यात होतं. ज्यांच्या घरात तो गाळ शिरला, त्यांना पुराची निळी रेषा आणि त्याहून मोठ्या पुराची लाल रेषा शिकवावी लागत नाही. तरीही पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या निळ्या रेषेच्या आत दुकानांचे पक्के गाळे आणि भिंती उभ्या करण्याचा मोह होतोच. तिथे फक्त पायऱ्या, झाडं आणि मोकळी जागा असावी. नाथषष्ठीला दिंड्यांच्या राहुट्या पडायला, कीर्तनाचे फड रंगायला मोकळं वाळवंट लागतं. नाथांनी तापलेल्या वाळूत पोळणारं लेकरू कडेवर उचललं ते याच वाळवंटात. वाळूउपशाने तिथे खड्डे पडले आहेत आणि पाण्याखालचे खड्डे दिसत नाहीत. सुशोभीकरणाआधी तो उपसा थांबवा.

जुन्या दगडांवर टाइल्स बसवू नयेत, हे वेगळं सांगायला नको होतं, पण अनेक गावांत तसं झालेलं पाहून सांगतो. नागघाट, तीर्थखांब आणि नाथांचं समाधी मंदिर जोडणारी सावलीची पायवाट झाली, वाटेत माहितीचे मराठी फलक लागले, तर पैठणी घेऊन तासाभरात परतणारा पाहुणा दिवसभर राहील. त्यातून रिक्षावाल्याला, खानावळीला, हातमागावर बसणाऱ्या विणकराला चार पैसे मिळतील.

देखभालीचा पैसा कुठून येणार, हेही कामाआधीच ठरावं. म्हैसूरच्या वृंदावन उद्यानाच्या धर्तीवर उभारलेलं आपलं संत ज्ञानेश्वर उद्यान बघायला एकेकाळी मराठवाडाभरातून शाळांच्या सहली यायच्या. त्याची पुढे काय अवस्था झाली, ती सर्वांनी पाहिली. उभारायला निधी मिळाला होता, माळ्यांना आणि पंपांना वर्षानुवर्षे लागणाऱ्या पैशाकडे दुर्लक्ष झालं.

निविदा काढण्याआधी आराखड्याचा नकाशा दोन्ही पूररेषा दाखवून, मराठीत, नगरपरिषदेच्या दारात, नाथ मंदिरात आणि घाटावर लावावा. सूचना ऐकण्याची बैठक संध्याकाळी घ्यावी आणि भोई, परीट, नाभिक, घाटावरचे गुरुजी, फुलं विकणाऱ्या बायका यांना तीत नावानिशी बोलवावं. कामाच्या वेळी कचेरीत जाणं त्यांना परवडत नाही.

आपला,
एक वाचक,
पैठण, जि. छत्रपती संभाजीनगर