‘गावठी’ स्ट्रॉबेरी आणायची कुठून?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पाचगणी-महाबळेश्वर रस्त्याला आमचा स्टॉल आहे. सुट्टीच्या दिवशी एक तरी गिऱ्हाईक विचारतंच, “हायब्रीड नाही ना?” परवा एका काकूंना मी “हायब्रीडच आहे” असं खरं सांगून बसलो. त्यांनी हातातला भरलेला बॉक्स खाली ठेवला आणि शेजारच्याकडून तेच फळ ‘गावठी’ म्हणून घेतलं. म्हणून हे पत्र.

आपण खातो ती स्ट्रॉबेरी जन्मापासूनच संकरित. फ्रेझिए नावाचा फ्रेंच लष्करी इंजिनिअर चिलीला स्पॅनिश किल्ल्यांची टेहळणी करायला गेला होता. १७१४ मध्ये परतताना त्याने तिथली टपोऱ्या फळांची रोपं आणली. सहा महिन्यांचा प्रवास, जहाजावर पिण्याच्या पाण्याची मारामार. पाच रोपं जगली, त्यातली दोन पाणी देणाऱ्या अधिकाऱ्याच्या पदरात गेली. एवढं करून रोपं निघाली मादी! फुलायची, पण फळ धरेना. पुढे फ्रान्समधल्या बागांत शेजारी उत्तर अमेरिकेतून आलेली व्हर्जिनिया स्ट्रॉबेरी लागली, तेव्हा फळ धरलं. त्या बियांतून उगवलं ते दोन्ही आयांहून वेगळं. (‘आई-बापांहून’ म्हणायला हवं.) दोघांचीही गुणसूत्रं ५६, त्यामुळे संकर वांझ न होता नवी जातच उभी राहिली. माणसाने दोन वाफे शेजारी केले, बाकी काम मधमाश्यांचं. १७६६ मध्ये दुशेन नावाच्या, विशीही न गाठलेल्या पोराने हे ओळखलं. शास्त्रीय नाव फ्रॅगारिया × अननासा. मधली गुणाकाराची खूण म्हणजे संकर, आणि ‘अननासा’ म्हणजे आपला अननस, वासावरून.

हायब्रीड मक्याचं बियाणं पेरतात, तसं याचं बियाणंही आम्ही पेरत नाही. वेलासारखा रनर सुटतो, टोकाला पानं फुटली की ते मातीच्या पिशवीवर अलगद टेकवायचं. मुळं धरली की नाळ कापायची. सप्टेंबरात तेच रोप गादीवाफ्यावर जातं.

काकूंनी फवारणी किती केली हे विचारलं असतं तर उत्तर द्यायला मला जड गेलं असतं. तो प्रश्न रास्त आहे, पण तो कुणी विचारत नाही.

शेजाऱ्याने आता ‘गावठी स्ट्रॉबेरी’ अशी पाटीच रंगवून घेतली आहे. खप बरा आहे म्हणतो.

आपला,
एक स्ट्रॉबेरी शेतकरी,
ता. महाबळेश्वर, जि. सातारा