'सोय' हा शब्द मागे घ्या

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जोडीदार गेल्यावर पुन्हा लग्न करणाऱ्या ज्येष्ठांवर लेख होता. लेख चांगला होता, कुठे टर उडवलेली नव्हती. पण त्यात 'सोय' हा शब्द सात वेळा आलाय, मी पेन्सिलीने गोल केले. म्हातारपणाची सोय, जेवणाखाण्याची सोय, रात्री-अपरात्री दुखलंखुपलं तर सोय. 'प्रेम' एकदाही नाही. म्हणून हे पत्र.

मी ६४ वर्षांची, राहणार ठाण्यात, पाचपाखाडीला. आमचे हे वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्यात होते, २०११ साली गेले. मुलगा तेव्हा कॉलेजात. मी घरून डबे द्यायला लागले, रोजचे तीस-पस्तीस. त्यावर मुलगा शिकला, घराचे हप्ते फिटले. तेव्हा सोय म्हणाल तर ती माझी मीच केली होती.

नोव्हेंबर २०१९. ह्यांच्या मागे मला मिळणाऱ्या विधवा पेन्शनसाठी बँकेत हयातीचा दाखला द्यायला गेले. आपण जिवंत आहोत हे वर्षातून एकदा यंत्राला पटवून द्यावं लागतं. पोळ्या लाटून, भांडी घासून माझ्या बोटांवरच्या रेषा पार झिजल्यात. दहाच्या दहा बोटं लावून झाली, यंत्र काही मला जिवंत धरेना. मागे उभे असलेले गृहस्थ म्हणाले, "बोट जरा कपाळावर घासा, तेल लागलं की उठतं." उठलं! मग बाईंनी पुढचा रकाना विचारला, "पुनर्विवाह?" मी म्हटलं, नाही. गृहस्थांची पेन्शन स्वतःच्या नोकरीची. त्यांनी दहा लग्नं केली असती तरी तिला धक्का लागत नव्हता.

ते कळव्याचे. पत्नी तीन वर्षं कॅन्सरने आजारी होती. टाटाच्या फेऱ्या करत, तिच्यासाठी पेज आणि मऊ भात करता करता स्वयंपाक शिकले. मी त्यांना बरेच दिवस 'कळव्याचे' एवढंच म्हणायची. शनिवारी तलावपाळीला भेट व्हायची, शेंगदाणे आणि गप्पा. एकदा ते यायला उशीर झाला तर छातीत धडधडलं. सरळ डॉक्टरांकडे जाऊन बीपी मोजून आले. १३० बाय ८० निघालं. डॉक्टर म्हणाले, काही नाहीये. काही नाही कसं?

मग लॉकडाऊन आला. डबे बंद, खाडीपुलावर पोलीस, तलावपाळी बंद. तुमचा पेपरही दारात येईना, त्यामुळे शब्दकोडं नाही. कळव्याच्यांनी काय करावं? स्वतःच कोडी तयार करायला लागले. रोज रात्री सव्वाआठला फोन करून सांगायचे, मी वहीत चौकोन आखून बसायची. एकदा म्हणाले, "आडवा शब्द, चार अक्षरी. रोज सव्वाआठला येते ती." मला कळलं होतं. तरी म्हटलं, "मालिका? पण ती तीनच अक्षरांची होते." पलीकडे बराच वेळ शांतता. मग मीच म्हटलं, "आठवण." माझं वय तेव्हा ५९.

२०२२ च्या मे महिन्यात आम्ही विशेष विवाह कायद्याखाली नोटीस दिली. तीस दिवस नोटीस लागते, कोणाची हरकत असेल तर यावी म्हणून. लग्नाला तीन साक्षीदार लागतात. त्यांची मुलगी आली, माझी डब्याची जुनी गिऱ्हाईक बाई आली आणि खालचा शिंपी आला. माझा मुलगा आला नाही. त्याने फोनवर एवढंच विचारलं, "घर कोणाच्या नावावर करणार?" दोघांनी मृत्युपत्रं नोंदवून आपापली घरं आपापल्या मुलांना लिहून दिली. आता तो दर महिन्याला येतो आणि यांच्या हातची आमटी मागून घेतो.

माझी पेन्शन मात्र गेली. ईपीएस ९५ ची, म्हणजे पीएफवाल्यांच्या पेन्शन योजनेची, विधवा पेन्शन पुनर्विवाहापर्यंतच असते. किमान रक्कम २०१४ पासून हजार रुपये, माझी त्याहून थोडीच वर. आता सांगा, दरमहा येणारे पैसे सोडून, घोरणाऱ्या माणसाला घरात आणण्याला सोय कोण म्हणेल? माझ्या ओळखीची एक बाई एवढ्याचसाठी लग्न न करता राहते. तिला शेजारीपाजारी काय म्हणतात ते लिहीत नाही.

बाकी लोकांचं म्हणाल तर, त्यांना म्हणाले, "बरं केलंत, जेवणाचे हाल होत होते." मला म्हणाले, "आता या वयात?" शाळेत आम्हाला महर्षी कर्वे होते. विधुर कर्व्यांनी ११ मार्च १८९३ ला गोदूबाईंशी, म्हणजे एका विधवेशी लग्न केलं आणि मुरुडात वाळीत पडले. बाईंनी ती समाजसुधारणा म्हणून शिकवली. ती दोघं एकमेकांना आवडत होती का, हे ना कोणी सांगितलं, ना आम्ही विचारलं.

आमची नोटीस लागली त्याच महिन्यात कोल्हापूरकडच्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला, नवरा गेला म्हणून बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही. आमच्या इमारतीत असा ठराव नव्हता. अकरा वर्षं मला हळदीकुंकवाचं बोलावणं नाही, आणि लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला पाच बोलावणी! मी एकीकडेही गेले नाही. रागच आला होता.

घरात दोन फोटो आहेत, एकाच भिंतीवर. पितृपक्षात माझ्या पहिल्या ह्यांच्या तिथीला हे बाजारातून गवार, भोपळा घेऊन येतात. (दोघेही 'हे', त्यामुळे बोलताना माझी फार पंचाईत होते.) आणि अविधवा नवमीला यांच्या पहिलीचं पान मी वाढते. तिला कारलं चालत नसे, म्हणून त्या दिवशी कारलं नाही. पहिल्या वर्षी प्रश्न पडला, तिच्या नावाने सवाष्ण कोण जेवणार? त्यांच्या मोठ्या वहिनी, म्हणजे आता माझ्या जाऊबाई, म्हणाल्या, "तिच्या जागेवर आलेली तिच्या नावाने कशी जेवेल?" हे काही बोलले नाहीत. पाट मांडला, पान माझ्यासमोर ठेवलं आणि स्वतः वाढायला लागले. मी खीर दोनदा घेतली.

नाव छापू नये ही विनंती. आधारवर एक आडनाव, रेशनकार्डावर दुसरं, आणि पत्राखाली कोणतं घालावं यावर घरात अजून एकमत व्हायचं आहे.

आपली नेहमीची वाचक,
पाचपाखाडी, ठाणे