चित्र कबानेलचे, आरोप बुगरोंवर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच चित्रकलेवर आलेला लेख मी आवडीने वाचला. मराठी वृत्तपत्रात या विषयाला अर्धे पान मिळावे, ही हल्ली अपूर्वाईचीच गोष्ट आहे. मात्र ‘व्हीनसचा जन्म – बुगरो’ अशा ओळीसह लेखासोबत जे चित्र छापले आहे, ते विल्यम-अदॉल्फ बुगरो यांचे नसून अलेक्सांद्र कबानेल यांचे आहे. दोन्ही चित्रांचे नाव एकच आणि दोन्ही आज पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात, त्यामुळे गल्लत होणे समजण्यासारखे आहे. ओळखण्याची खूण मात्र सोपी आहे. कबानेलची व्हीनस लाटेवर पहुडलेली आहे. बुगरोंची शिंपल्यावर उभी आहे आणि तिच्याभोवती शंख फुंकणाऱ्या जलदेवांची व अप्सरांची दाटी आहे. पहिले चित्र १८६३ चे, दुसरे १८७९ चे.

हे सोळा वर्षांचे अंतर क्षुल्लक वाटेल, पण लेखातील मुख्य आरोप नेमका तेथेच अडखळतो. १८६३ साली एदुआर माने आणि इतर नव्या चित्रकारांना सलाँच्या, म्हणजे पॅरिसच्या सरकारी वार्षिक प्रदर्शनाच्या, दाराबाहेर ठेवणाऱ्यांचे म्होरके बुगरो होते, असा लेखाचा सूर आहे. त्या वर्षीचे निवड मंडळ कला अकादमीच्या सदस्यांचे होते, आणि बुगरो अकादमीवर निवडून आले ते १८७६ मध्ये. नाकारलेल्या चित्रांचे वेगळे प्रदर्शन भरवण्याची परवानगी सम्राट तिसऱ्या नेपोलियनने त्याच वर्षी दिली, आणि कबानेलची व्हीनस विकत घेतली तीही त्यानेच. बुगरोंचा हट्टीपणा खोटा नव्हे, परंतु तो पुढचा आहे. १८८१ मध्ये सरकारने सलाँची जबाबदारी चित्रकारांच्या संस्थेकडे सोपवल्यावर ते तिचे वजनदार पदाधिकारी झाले, आणि १८९० मध्ये प्रवेशाच्या नियमांवरून वाद विकोपाला गेला तेव्हा मेसोनिए, प्युव्ही द शाव्हान यांसारखी चित्रकार मंडळी वेगळी चूल मांडून बाहेर पडली. दोष द्यायचा तर तो या प्रकरणात द्यावा.

बुगरोंचा जन्म १८२५ मध्ये ला रोशेल या बंदराच्या गावी झाला. घरी दारू आणि ऑलिव्ह तेलाचा व्यापार. चित्रकलेचे पहिले धडे त्यांनी बोर्दोला घेतले आणि त्या काळात मुरंब्याच्या बरण्यांवरची लेबले रंगवून चार पैसे मिळवले. पुढे पॅरिसला जाण्याचा खर्च निघावा म्हणून पाद्री असलेल्या काकांच्या ओळखीने आसपासच्या लोकांची व्यक्तिचित्रे काढली. १८४६ मध्ये ते एकोल दे बोझार या सरकारी कलाशाळेत दाखल झाले आणि १८५० मध्ये प्री द रोम हे पारितोषिक मिळवून सरकारी खर्चाने रोमला गेले. मला या चरित्रातील सर्वांत मोलाचा वाटतो तो याच वर्षाचा एक कॅनव्हास, ‘दान्ते आणि व्हर्जिल’. त्यात नरकातील दोन शापित पुरुष एकमेकांशी झोंबत आहेत आणि एकाने दुसऱ्याच्या गळ्यात दात रोवले आहेत. पाठीचा प्रत्येक स्नायू ताणलेला आहे, गोडवा नावालाही नाही. ज्याने फक्त त्यांच्या गुलाबी गालांच्या मेंढपाळ मुली पाहिल्या आहेत, त्याला हे चित्र याच हाताने काढले आहे, असे सांगूनही पटणार नाही.

मग हा हात गोडव्याकडे कसा वळला? भीषण आणि वीररसाच्या चित्रांना गिऱ्हाईक नाही, हे बुगरोंच्या लवकरच ध्यानात आले आणि तसे त्यांनी स्वतः आडपडदा न ठेवता बोलूनही दाखवले. त्यांची चित्रे आरंभी विकणारे व्यापारी होते पॉल द्युराँ-र्‍युएल, म्हणजे ज्यांनी पुढे मोने-पिसारो या नव्या वळणाच्या चित्रकारांना उपासमारीच्या दिवसांत हात दिला तेच. या योगायोगाचा उल्लेख लेखात असायला हवा होता. १८६० च्या दशकात बुगरो गुपिल या पेढीकडे गेले. गुपिलचा खरा धंदा छापील प्रतींचा होता: मूळ चित्र अमेरिकेतल्या धनिकाच्या दिवाणखान्यात जायचे आणि त्याच्या प्रती मध्यमवर्गाच्या भिंतीवर लागायच्या. (तरुण व्हॅन गॉग याच पेढीत नोकरीला होता.) आपल्याकडे राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना सुरू केला आणि त्यांची लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोहोचली, त्याच्याशी ही व्यवस्था ताडून पाहावी. रविवर्मा १९०६ मध्ये वारले, बुगरो १९०५ मध्ये. आणि दोघांच्याही नशिबी नंतर ‘कॅलेंडरछाप’ हेच हिणवणे आले.

कीर्तीचे आणि तिच्या उतरणीचे एक उदाहरण पुरेसे आहे. ‘अप्सरा आणि सॅटिर’ (सॅटिर म्हणजे ग्रीक पुराणातला अर्धा माणूस, अर्धा बोकड असा वनदेव) हे १८७३ चे मोठे तैलचित्र १८८२ पासून १९०१ पर्यंत न्यूयॉर्कच्या हॉफमन हाउस हॉटेलच्या मद्यगृहात टांगलेले होते आणि ते पाहायला लोक मुद्दाम येत. नंतर ते अडगळीत गेले. १९४२ मध्ये रॉबर्ट स्टर्लिंग क्लार्क यांनी ते विकत घेतले आणि आज ते त्यांच्याच नावाच्या मॅसॅच्युसेट्समधील संग्रहालयात आहे. बुगरोंची सुमारे आठशे चित्रे ज्ञात आहेत, आणि त्यांतल्या अनेकांची कथा थोड्याफार फरकाने अशीच आहे. १९८४ मध्ये पॅरिसच्या प्ती पाले या संग्रहालयात त्यांचे समग्र प्रदर्शन भरले, तेव्हा कुठे ही चित्रे पुन्हा नीट पाहिली जाऊ लागली.

मी बुगरोंचा वकील नाही. त्यांच्या शेतकरी मुली अनवाणी असतात, पण तळव्याला माती कधी लागलेली नसते. चित्रकार देगा आणि त्यांचे मित्र अशा गुळगुळीतपणाला ‘बुगरोते’ म्हणून हसत, ते उगीच नाही. परंतु १८७५ मध्ये थोरला मुलगा गेल्यावर पुढच्या वर्षी त्यांनी जी ‘पिएता’, म्हणजे मृत येशूला कवेत घेतलेली मेरी, रंगवली, तिच्यातील काळ्या वस्त्रातली मेरी थेट आपल्याकडे पाहते, आणि तिच्या रडून सुजलेल्या डोळ्यांपुढे गुळगुळीतपणाचा आक्षेप मला तरी घेता येत नाही. शिक्षक म्हणूनही लेखात त्यांना जागा नाही. सरकारी कलाशाळेने १८९७ पर्यंत स्त्रियांना प्रवेश दिला नव्हता, त्या काळात ते अकादमी ज्युलियाँ या खासगी शाळेत मुलींना शिकवत होते. त्यांच्या विद्यार्थिनींपैकी अमेरिकन चित्रकार एलिझाबेथ गार्डनर यांच्याशी त्यांनी १८९६ मध्ये, स्वतःच्या आईच्या निधनानंतर, दुसरा विवाह केला. आईच्या विरोधामुळे ही सोयरीक वर्षानुवर्षे अडली होती. वय सत्तर, तरी आईचा शब्द मोडला नाही, हे वाचून आमच्या चाळीतल्या जुन्या मंडळींना त्यांच्याबद्दल आपुलकीच वाटली असती.

हे सारे इतक्या आग्रहाने लिहिण्याचे कारण मुंबईतच आहे. मी तीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवली. माझ्या विद्यार्थिदशेत अँटिकच्या वर्गात प्लास्टरच्या पुतळ्यासमोर आठवडाभर बसून कोळशाने छायाप्रकाश उतरवावा लागे. ती पद्धत १८५७ मध्ये स्थापन झालेल्या जे. जे. कलाशाळेत युरोपातूनच आली, आणि चित्रकार धुरंधर, हळदणकर यांचे हात तिच्यावरच घडले. १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह हा आधुनिक चित्रकारांचा गट पुढे आल्यावर या पिढीला ‘अ‍ॅकॅडमिक’ या एका शब्दात निकालात काढण्याची आपल्याला सवय लागली. गंमत अशी की, त्याच गटातील रझा १९५० मध्ये पॅरिसला गेले आणि दाखल झाले ते बुगरोंच्याच एकोल दे बोझारमध्ये. लेखातील ‘अ‍ॅकॅडमिक म्हणजे निर्जीव’ हे वाक्य वाचताना मला धुरंधरांची चित्रे आठवली, आणि नाटकाला निघालेल्या, बाजारात घासाघीस करणाऱ्या त्यांच्या बायका काही केल्या निर्जीव वाटेनात.

तरी विनंती अशी की, येत्या रविवारी छोट्या चौकटीत दुरुस्ती छापावी आणि जागा असल्यास बुगरोंची १८७९ ची व्हीनस तिच्या शेजारी द्यावी. यापुढे कोणतेही चित्र छापताना चित्रकाराचे नाव, वर्ष आणि मूळ चित्र कोठे आहे, एवढ्या तीन गोष्टी खाली दिल्यास बरे होईल. कात्रणे वहीत चिकटवणारे विद्यार्थी अजून आहेत. माझ्याकडे शनिवारी येणाऱ्या एका मुलीने ते चित्र बुगरोंच्या नावानेच चिकटवले होते, ते मी पेन्सिलने दुरुस्त करून दिले आहे.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक
गिरगाव, मुंबई